जगदेवीच्या वाटचं गाणं

मुरुडच्या संगप्पा हलकुड्यांना गाणं सुरू झालं की झोप लागते. ही गोष्ट गावात सगळ्यांना मालूम आहे आणि तिचं आता कुणाला नवल वाटत नाही. स्वतःच्या लग्नात सनई सुरू झाली तेव्हा ते मुंडावळ्यांसकट झोपले होते. सासरे बसलिंगप्पा घाबरले. मुलाचा काही आजार लपवलाय की काय, म्हणून त्यांनी वऱ्हाडातल्या एका कंपाउंडरला बोलावून नवरदेवाची नाडी बघायला लावली. कंपाउंडरनं नाडी बघितली आणि झोपलेत असं सांगितलं. मग लग्न लागलं.

याला एकतीस वर्षं झाली. संगप्पांचं मुरुडला भांड्यांचं दुकान आहे. तिथं दिवसभर स्टीलचे डबे आदळतात, पण त्यांचा डोळा लागत नाही. सप्ताहात भजन सुरू झालं की मात्र ते खांबाला टेकतात. अशा वेळी त्यांची बायको जगदेवी शेजारी असली तर त्यांना कोपर मारते. समोर माणूस गळा काढून गात असताना झोपणं हा त्याचा अपमान आहे, असं तिचं मत आहे. संगप्पांना ते मान्य आहे. ते दचकून उठतात, मी झोपलो नव्हतो असं सांगतात आणि थोड्या वेळानं पुन्हा झोपतात.

जगदेवीचं नेमकं उलटं. सकाळी साडेपाचला ती भाकरी थापायला बसते तेव्हा पिठाच्या डब्याला फोन टेकवून पंडित अमरेश भालकीकरांचं गाणं लावते. सहा वर्षं हा नेम आहे. शेजारच्या खोलीत संगप्पा त्यामुळं साडेसातपर्यंत उठत नाहीत, आणि दुकान उशिरा उघडतं याला भालकीकर जबाबदार आहेत असं गिऱ्हाइकांना सांगतात. सकाळी सकाळचेच राग ऐकायचे, ही जगदेवीची शिस्त. संध्याकाळी ती दुकानावर बसते आणि तिथं फोन लावायची सोय नाही. त्यामुळं भालकीकरांचे संध्याकाळचे राग तिनं कधी ऐकलेले नव्हते. प्रत्यक्ष तर तिनं त्यांना बघितलंही नव्हतं.

जानेवारीत नांदेडला भालकीकरांचा कार्यक्रम ठरला. संगप्पा-जगदेवीची मुलगी शिवकन्या नांदेडला दिलेली आहे. जावई शिवकुमार कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे आणि त्याच्या ओळखीचे एक सर कार्यक्रमाच्या समितीवर होते. त्यांनी तिसऱ्या रांगेतले दोन पास दिले. शिवकुमारनं फोन करून मामा-मामींना बोलावलं. त्यानं चार महिन्यांपूर्वी गाडी घेतली होती आणि ती अर्धापूरच्या पुढं गेली नव्हती. त्यामुळं रविवारी दिवसा माहूरगड आणि संध्याकाळी गाणं, असा बेत त्यानं परस्पर करून टाकला. एका दिवसात एवढं होईल का, असं जगदेवीनं विचारलं. पाचला निघालो तर चारला परत, मामी, फिकीर करू नका, असं तो म्हणाला. रेणुकेच्या दर्शनाला ती बारा वर्षांची असताना गेली होती. तिला नाही म्हणवलं नाही.

शनिवारी नांदेडला लेकीकडं जेवताना तिनं नवऱ्याला बजावलं.

"उद्या तुम्ही झोपलात तर मी उठून दुसरीकडं जाऊन बसीन. कोपर मारण्यात माझं अर्धं गाणं जातंय."

संगप्पांनी जागं राहायचा शब्द दिला. शिवकन्याकडून आठ लवंगा मागून घेतल्या आणि रुमालाच्या कोपऱ्यात बांधल्या. जगदेवीनं इरकल लुगड्याला इस्त्री केली, पास पर्समध्ये ठेवले, पुन्हा काढून बघितले आणि पुन्हा ठेवले. त्या रात्री तिला झोप आली नाही.

रविवारी पाचला गाडी निघाली. शिवकुमारनं लगेच जुनी हिंदी गाणी लावली. अर्धापूरच्या केळीच्या बागा अजून अंधारात होत्या तेव्हाच संगप्पांची मान कलली. मधली सगळी गावं त्यांना बंद डोळ्यांनी लागली. माहूरला इंजिन थांबलं तेव्हा ते उठले आणि आलो का, म्हणाले.

रेणुकेच्या पायऱ्या चौघंही चढले. रांगेत दीड तास गेला. दर्शन झाल्यावर कुटलेल्या विड्याचा तांबूल मिळाला, तो तोंडात धरून चौघं गप्प खाली उतरले. संगप्पांचा उजवा गुडघा बोलायला लागला होता. दत्तशिखराला ते गाडीतच थांबतो म्हणाले. मामांना एकट्यांना कंटाळा येऊ नये म्हणून शिवकुमारनं गाणी चालू ठेवली आणि बाकीचे तिघं वर गेले. परत आले तेव्हा मामा झोपलेले होते.

अनसूयेचं शिखर राहिलं होतं. तिथं पायऱ्या बऱ्याच आहेत. शिवकन्या म्हणाली, अव्वा, राहू दे आता, संध्याकाळी बसायचंय तुला. जगदेवी म्हणाली, आलेच आहे तर तिन्ही करते. मग ती चढली. पहिल्या टप्प्यावर शिवकन्या दमून बसली, शिवकुमार तिच्याजवळ थांबला, आणि जगदेवी एकटीच पुढं गेली. वरून चारी बाजूंनी डोंगरच डोंगर दिसत होते, गवत वाळून पिवळं झालं होतं. ती तिथं बराच वेळ उभी राहिली. काय बघत होतीस, असं लेकीनं नंतर विचारलं तर काही नाही म्हणाली.

संगप्पा खाली झाडाखाली सगळ्यांच्या चपला सांभाळत बसले होते. शेजारी उमरीहून आलेल्या बायकांचा एक घोळका दम खात होता. त्यांनी देवीची गाणी म्हणायला सुरुवात केली. तिथं संगप्पांची आणखी पाऊण तास झोप झाली.

दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन दीड वाजता ते परत फिरले. गाणी पुन्हा सुरू झाली. संगप्पा झोपले. जगदेवीला मात्र डोळा मिटता येईना, कारण शिवकुमार नवी गाडी जरा जोरात हाणत होता आणि ती दाराच्या वरची मूठ धरून समोरच्या रस्त्यावर लक्ष ठेवून होती. अर्धापूरला केळीचा एक फणा घेतला. घरी पोचायला पावणेपाच झाले. तिनं अंघोळ केली, इरकल नेसली, आणि पावणेसहाला शिवकुमारनं दोघांना सभागृहाच्या दारात सोडलं.

कार्यक्रम सहाचा होता. वीस मिनिटं उशिरा समई पेटवायला घेतली. पंख्याच्या वाऱ्यानं वात विझत होती, म्हणून पंखा बंद करायला माणूस शोधला गेला. मग अकरा जणांचे सत्कार झाले. मग समितीचे अध्यक्ष शेषेरावजी संगीत आणि मानवी जीवन या विषयावर दोन शब्द बोलायला उभे राहिले. संगप्पांनी दुसरी लवंग तोंडात टाकली. आपल्याला जराही झोप येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. असं सभागृहात त्यांना पहिल्यांदाच होत होतं. त्यांनी छत बघितलं, खुर्च्या मोजल्या, शेषेरावजी पाणी कितीदा पितात ते बघितलं. पंचविसाव्या मिनिटाला त्यांच्या उजव्या खांद्यावर काहीतरी टेकलं. ते जगदेवीचं डोकं होतं.

भाषण संपलं की उठेल, असं त्यांना वाटलं. भाषण संपलं. टाळ्या झाल्या. ती उठली नाही.

पडदा सरकला. भालकीकर म्हणजे बुटका, जाडसर माणूस निघाला. तपकिरी शाल, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. आडतीवर काट्याजवळ बसलेला असता तर शोभला असता. मागं दोन तंबोरे, एका बाजूला तबला, एका बाजूला पेटी. काय गाणार ते त्यांनी सांगितलं, पण नेमका तेव्हाच माईक शिट्टी मारायला लागला आणि नाव कुणाला कळलं नाही. मग त्यांनी डोळे मिटले आणि आवाज लावला.

संगप्पांनी कोपर उचललं.

ते तसंच उचललेलं राहिलं. तिला उठवलं तर काय होईल हे त्यांना नीट ठाऊक होतं, कारण त्यांचं स्वतःचं दरवेळी तेच व्हायचं. ती दचकेल. मी झोपले नव्हते म्हणेल. मग आजूबाजूला कोणी बघितलं का ते बघेल आणि उरलेला सगळा वेळ ताठ बसून लाजत राहील. त्यात गाणं ऐकू येत नाही. एकतीस वर्षांत त्यांनी एवढं मात्र पक्कं शिकून घेतलं होतं.

तरी त्यांनी खोकून बघितलं. पुढच्या रांगेतल्या माणसानं वळून बघितलं, जगदेवीनं नाही. त्यांनी पाण्याची बाटली पायावर पाडून बघितली. त्यानं त्यांचा अंगठा दुखला. तिच्या चेहऱ्याकडं त्यांनी खाली मान घालून बघितलं. तोंड किंचित उघडं होतं. कपाळावर अजून माहूरचा कुंकू-भंडारा होता. एवढं गाढ झोपलेलं तिला त्यांनी बघितलेलं नव्हतं, कारण ती झोपते तेव्हा ते आधीच झोपलेले असतात आणि ती उठते तेव्हाही.

त्यांनी कोपर खाली घेतलं. पण ती उद्या विचारणार, हे उघड होतं. म्हणजे कुणीतरी ऐकून ठेवणं भाग होतं, आणि तिच्या बाजूनं त्या सभागृहात दुसरं कोणी नव्हतं.

लिहून घ्यावं म्हणून त्यांनी खिशातला पेन काढला. पण उजवा हात हलवला की खांदा हलत होता. मग डोक्यातच ठेवायचं ठरवलं. लग्नाच्या भांड्यांची एकावन्न नगांची यादी ते कागद न घेता सांगतात, तेव्हा हे जमण्यासारखं होतं.

संगप्पांना गाण्यातलं काही कळत नाही. पण घागर घेताना ते तिला बोटाच्या पेरानं टिचकी मारतात आणि आवाज कुठवर जातो ते ऐकतात. चिरलेली असेल तर आवाज मध्येच मरतो. डोळ्याला न दिसणारी चीर त्यांच्या कानाला सापडते, म्हणून लातूरचे व्यापारीही कधी कधी त्यांना बोलावतात. त्यांनी भालकीकरांना तसंच ऐकायला घेतलं. आवाजात चीर नव्हती. लांबवर गेला तरी मरत नव्हता, हळूहळू बारीक होत हवेत संपत होता, चांगल्या काशाच्या ताटासारखा.

सुरुवातीला त्यांना वाटलं की माणसाची वाट चुकली आहे. मागं तंबोरे एकच जागा दाखवत बसले होते, इकडं ये, इकडं ये. हा आजूबाजूला सगळीकडं हिंडत होता आणि त्या जागेवर येत नव्हता. अगदी जवळ येऊन परत वर जात होता. संगप्पांना अस्वस्थ व्हायला लागलं. आता तरी बस बाबा, असं त्यांना दोनदा वाटलं. मग एकदा तो वरच्या एका जागी जाऊन थांबला आणि थांबूनच राहिला. तबला हळू चालला होता, पेटीवाला हात थांबवून त्याच्याकडं बघत होता. डाव्या हातात काढलेली तिसरी लवंग संगप्पांच्या हातात तशीच राहिली. त्यांनी ती जागा लक्षात ठेवली.

पुढं दुसरं एक गाणं झालं, जलद. शेवटी भालकीकरांनी कन्नडमध्ये एक वचन म्हटलं. त्यातलं निम्मं संगप्पांना समजलं, कारण त्यांची आई त्याच भागातली होती. खांदा बधिर झाला होता. पावणेनऊला गाणं संपलं आणि सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले. जगदेवी जागी झाली. ती लगेच उभी राहिली आणि टाळ्या वाजवू लागली. सगळ्यांच्या नंतर थांबली.

गाडीत शिवकन्यानं कसं झालं ते विचारलं. लई छान झालं, आवाज अगदी फोनसारखाच हाय, असं जगदेवीनं सांगितलं. संगप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. अप्पा झोपले का, असं लेकीनं हळूच आईला विचारलं. न्हाई, जागे होते, एवढंच आई म्हणाली. घरी येऊन ती दोन घास खाऊन आडवी झाली.

सकाळी शिवकुमार कॉलेजला गेल्यावर दोघं गॅलरीत चहा घेत बसले. जगदेवीनं कपातला चहा अर्धा केला. मग समोरच्या इमारतीकडं बघत विचारलं.

"कवा लागली मला झोप?"

"शेषेरावांच्या भाषणात."

"अन् उठले कवा?"

"टाळ्या वाजल्यावर."

"कोणत्या टाळ्या?"

"शेवटच्या."

एक सूरही ऐकला नव्हता, हे तिनं मनात नीट लावून घेतलं असावं. मग तिनं कोपर का मारलं नाही ते विचारलं. संगप्पांनी खरं ते सांगितलं. म्हणाले, "उचललं होतं. पण कोपर खाल्लेल्या माणसाला पुढचं गाणं ऐकू येत न्हाई. मला मालूम हाय."

जगदेवी उठली, दोन्ही कप घेऊन आत गेली आणि ते बराच वेळ धूत राहिली. त्यानंतर तिनं नवऱ्याशी बोलणं बंद केलं. पिशवी भरताना, लेकीचा निरोप घेताना, स्टँडवर तिकीट काढताना ती बोलली नाही. कुणावर रागवावं हे ठरत नसल्यासारखा तिचा चेहरा होता. शेषेरावांवर रागावून उपयोग नव्हता, आणि तिन्ही शिखरं ती स्वतःच्या पायांनी चढली होती. राहता राहिले संगप्पा.

लातूरची बस दहाला निघाली. ती खिडकीशी, ते तिच्या शेजारी. सकाळच्या बसमध्ये गाणी नव्हती. लोहा आलं, काही माणसं उतरली, काही चढली. बस पुन्हा चालायला लागली तेव्हा खिडकीबाहेरच बघत तिनं विचारलं.

"पहिलं काय गायले?"

नाव कळलं नव्हतं, पण संगप्पांनी होतं तेवढं सगळं सांगितलं. माईकची शिट्टी, पेटीवाल्याचे थांबलेले हात, चीर नसलेला आवाज. तो सगळीकडं हिंडत होता आणि घरात पाय ठेवत नव्हता, हे त्यांनी दोनदा सांगितलं, कारण तेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं होतं. जगदेवी आता त्यांच्याकडं वळून ऐकत होती. तंबोरे कसे वाजत होते, असं तिनं विचारलं. संगप्पांनी घसा साफ केला आणि दोन स्वर नाकातून काढून दाखवले. पुढच्या सीटवरच्या बाईनं मागं बघितलं.

जगदेवीनं खिडकीच्या गजाला धरलं आणि अगदी हळू, ओठ न हलवल्यासारखं एक वळण म्हटलं.

"हेच," संगप्पा म्हणाले. "पण तू लवकर खाली आलीस. तिथं तो लई वेळ थांबला होता."

तिनं पुन्हा म्हटलं आणि वर थांबली.

"अजून."

तिसऱ्यांदा ती थांबून राहिली, बस एक पूर्ण वळण घेईपर्यंत. कंडक्टर तिकिटं द्यायचा थांबून बघायला लागला. संगप्पांनी हातानं त्याला जरा दम धर अशी खूण केली. आवाज संपल्यावर ते म्हणाले, "आता बरोबर. थोडा तुझा मध्ये हलला, पण जागा तीच."

"मारवा," जगदेवी म्हणाली. "संध्याकाळचा राग हाय, घरी लवकर येतच न्हाई."

मग ती बोलायला लागली. उदगीरला गुरुलिंग मास्तरांकडं ती चार वर्षं गाणं शिकायला जायची. मास्तर म्हणायचे, मारव्याला अजून तुझं वय न्हाई, पुढच्या वर्षी घेऊ. पुढच्या वर्षी वैशाखात लग्न झालं. मास्तर मोठ्यांना शिकवायचे तेव्हा ऐकलेलं एक वळण तेवढं तिच्या कानात राहिलं, आणि नंतर मास्तर वारले. दुसऱ्या कुणाकडून तो शिकावा असं तिला वाटलं नाही, आणि मुरुडला तसं दुसरं कोणी नव्हतंही. भालकीकर संध्याकाळी गाणार म्हटल्यावर तिला एवढं एकच वाटलं होतं, की मारवा गायले तर बरं.

ती चार वर्षं गाणं शिकली होती, हे संगप्पा पहिल्यांदाच ऐकत होते. बायकोला भजनं येतात, इतपत त्यांना माहीत होतं. हे तिनं पूर्वी कधी सांगितलंच नव्हतं, किंवा गाऊन दाखवत सांगितलं असेल आणि त्यांना झोप लागली असेल. दुसरी शक्यता जास्त होती. त्यांनी ते विचारलं नाही.

"पुन्हा म्हण," ते म्हणाले.

अहमदपूरपर्यंत तिनं ते वळण बऱ्याच वेळा म्हटलं. चाकूरच्या अलीकडं ती एकदा त्या जागेवरून पुढं गेली, चुकली, आणि स्वतःशी हसली. पुढच्या सीटवरच्या बाईनं तिला संत्र्याच्या फोडी दिल्या आणि तुम्ही रेडिओवर असता का, असं विचारलं. जगदेवीनं न्हाई म्हणून सांगितलं, आमचं भांड्यांचं दुकान हाय.

लातूरला उतरले तेव्हा पावणेदोन झाले होते. मुरुडची बस लागलेली होती, ड्रायव्हर चढत होता. कंडक्टर मुरुड मुरुड म्हणून ओरडत होता. संगप्पा पिशवी उचलून निघाले. जगदेवी जागची हलली नाही. बसमध्ये गर्दी दिसतेय, उभं राहावं लागेल, उभ्यानं काही सांगता यायचं नाही, असं ती म्हणाली. संगप्पांनी बसकडं बघितलं. गर्दी फारशी नव्हती. दुकान आज दिवसभर बंदच राहिलं होतं, अजून एक तास राहिलं असतं.

बस गेली. ते दोघं बाकड्यावर बसले. पिशवीतली अर्धापूरची दोन केळी काढून तिनं एक त्यांना दिलं, आणि मग दुसरं गाणं विचारलं. ते जलद होतं, त्यामुळं सांगायला जास्त वेळ लागणार होता.